बॉलस्क्रूचा बॅकलॅश: नवा नट मागवण्याआधी या चुका टाळा

सीएनसी राउटरने (संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनने) सागवानी दारावर कोरलेलं वर्तुळ लंबगोल आलं किंवा नावाच्या पाटीवर अक्षरांची कड दुहेरी दिसू लागली, की पहिला संशय बॉलनटवर जातो, म्हणजे बॉलस्क्रू या आट्यांच्या दांड्यावर गोळ्यांवरून सरकणाऱ्या नटावर. नवा नट येतो, बसतो, आणि वर्तुळ होतं तसंच राहतं. 1605 बॉलस्क्रूच्या (16 मिमी व्यास, 5 मिमी पिच) छोट्या राउटरवर ही ढिलाई (बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल) बहुतेक वेळा नटात नसते. ती असते मोटरच्या बाजूला स्क्रू धरून ठेवणाऱ्या बीके12 या बेअरिंगच्या ब्लॉकमध्ये, नाहीतर त्या ब्लॉकच्या बोल्टांमध्ये.

प्रत्येक चुकीला बॅकलॅश म्हणणं

गॅन्ट्री (कटर घेऊन सरकणारा मशीनचा पूल) 100 मिमी पुढे-मागे 20 वेळा पळवा आणि सुरुवातीच्या जागी परत आणा. फरक पहिल्या फेरीला जेवढा होता तेवढाच राहिला, तर तो बॅकलॅश. फेरीगणिक वाढत गेला, तर कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) घसरतंय किंवा मोटर स्टेप सोडतेय. अंतर वाढेल तसा फरक वाढत असेल, तर स्टेप प्रति मिमीचा आकडा चुकलाय, 1.8 अंशाची मोटर, 16 मायक्रोस्टेप आणि 5 मिमी पिचला तो 640 येतो.

गावाकडे शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. अशा वेळी मोटरच्या डीसी सप्लायवर मल्टिमीटर लावून चालत्या मशीनचा आकडा बघा. तो खाली-वर होत असेल, तर पाना हातात घेण्यात अर्थ नाही.

वर्तुळही बरंच सांगतं. एक्स अक्ष डाव्या आणि उजव्या टोकाला दिशा बदलतो, म्हणून पायरी तिथे दिसली तर दोष एक्सचा. वरच्या आणि खालच्या टोकाला दिसली तर वायचा.

हाताने हलवून अंदाज बांधणं

0.01 मिमीचा डायल गेज (बारीक सरकणं काट्यावर दाखवणारं मापक) आणि मॅग्नेटिक बेस हवाच. ॲल्युमिनियमच्या बॉडीला मॅग्नेट चिकटत नाही. तिथे लोखंडी पट्टी क्लॅम्प करून घ्या. मोजताना मोटरची पॉवर चालू ठेवा. स्क्रू नुसता 7.2 अंश फिरला तरी गॅन्ट्री 0.1 मिमी सरकते आणि तो बॅकलॅश वाटतो.

आता गॅन्ट्री हाताने दोन्ही बाजूंना दाबत चार जागा तपासा. स्क्रूच्या मोकळ्या टोकाच्या सेंटर-होलमध्ये ग्रीस लावून एक स्टीलची गोळी बसवा आणि डायलची टीप तिच्यावर टेकवा. काटा हलला, तर स्क्रू बीके ब्लॉकसकट किंवा ब्लॉकच्या आत सरकतोय. मग डायल ब्लॉकच्याच अंगावर लावा. इथेही काटा हलला तर बोल्ट ढिले. तिसरी जागा नटाचा ब्रॅकेट आणि गॅन्ट्री यांच्यामधली. या तिन्ही ठिकाणी काटा स्थिर असेल, तरच नटाकडे वळा.

ब्लॉक एमडीएफवर लाकडी स्क्रूने बसवणं

एमडीएफ आणि प्लाय दाबाखाली बसत जातात, पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. आज घट्ट केलेला बोल्ट महिनाभरात ढिला होतो आणि जास्त आवळला की लाकडात रुततो. मागून 8 ते 10 मिमी जाडीची लोखंडी पट्टी द्या, बोल्ट आरपार घ्या. ॲल्युमिनियममध्ये आटे पाडायचे असतील तर बोल्टच्या व्यासाच्या दीडपट तरी खोल हवेत. आटे थिनरने पुसा, मध्यम ताकदीचा निळा थ्रेडलॉकर लावा. आधीचं तेल पुसलं नाही तर तो धरत नाही.

आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा. गॅन्ट्री बीकेजवळ आणून बीकेचे बोल्ट आवळा, मग दुसऱ्या टोकाला नेऊन तिथल्या बीएफ ब्लॉकचे. गॅन्ट्री मध्यावर ठेवून दोन्ही आवळले तर टोकाला स्क्रू वाकतो, बेअरिंगवर आडवा भार येतो आणि थोड्याच दिवसांत तीच ढिलाई परत येते.

बीके ब्लॉक न उघडताच लॉकनट पिळत बसणं

सगळ्यात जास्त ढिलाई इथे सापडते, म्हणून ब्लॉक उघडाच. बीके12 मध्ये 7001 (12×28×8) अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी हवी. स्वस्त ब्लॉकमध्ये अनेकदा साधी 6001 निघतात. मापं तीच असल्याने बाहेरून फरक कळत नाही, पण त्यांच्यात मुळातच अक्षाच्या दिशेने खेळ असतो. नागपूर, अमरावती किंवा अकोल्याच्या बेअरिंग दुकानात आकडा स्पष्ट सांगा, आणि शिक्का वाचूनच पैसे द्या.

7001 च्या बाहेरच्या रिंगची एक कड जाड आणि एक पातळ असते. दोन्ही बेअरिंग एकाच दिशेला तोंड करून बसली, तर भार एकाच बाजूने पेलला जातो आणि उलट दिशेला स्क्रू मोकळा सुटतो. जाड कडा एकमेकींना लावून बसवा, म्हणजे लॉकनट (स्क्रूच्या टोकावरून बेअरिंग आवळणारा नट) आवळल्यावर आतल्या रिंगा जवळ येऊन खेळ मरतो. तरीही खेळ उरला, तर दोन्ही बाहेरच्या रिंगांच्या मध्ये 0.05 मिमी पितळी शिमची (पातळ पत्र्याची) चकती घाला.

आणखी दोन गोष्टी बघा. ब्लॉकसोबतचे कॉलर दोन्ही जागेवर आहेत का? एक गहाळ असेल तर लॉकनटचा जोर आतल्या रिंगवर पोचत नाही. दुसरं, पुढचं झाकण बाहेरच्या रिंगला खरंच दाबतं का? चारही स्क्रू हलके लावल्यावर झाकण आणि ब्लॉक यांच्यात बारीक फट राहिली पाहिजे. झाकण आधी ब्लॉकला टेकत असेल, तर रिंग आत सैल राहते. रिंग आणि झाकण यांच्यामध्येही शिम द्या.

लॉकनट एवढाच आवळा, की स्क्रू बोटांनी फिरवताना हलकी ओढ जाणवेल पण खरखर लागणार नाही. मग ग्रब स्क्रू (लॉकनट जागेवर धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू). त्याच्याखाली पितळी गुटका नसेल तर वायरिंगच्या तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा टाका, नाहीतर आटे चेपतात आणि पुढच्या वेळी नट निघत नाही.

दुसरं टोकही जखडून टाकणं

बीएफ12 मधलं 6000 बेअरिंग ब्लॉकमध्ये अक्षाच्या दिशेने मोकळंच सरकायला हवं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे 10 च्या आसपास उतरतो. 35 अंशांच्या फरकाने 1 मीटर स्टील साधारण 0.4 मिमी वाढतं, ॲल्युमिनियम त्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही टोकं पक्की केली, तर हा फरक बेअरिंगवर ताण बनून येतो.

कपलिंग आणि नट

कपलिंग, मोटर शाफ्ट आणि स्क्रू यांवरून मार्करने एक सरळ रेघ ओढा. दिवसभराच्या कामानंतर रेघ तुटलेली दिसली, तर कपलिंग घसरतंय. ग्रब स्क्रूवाल्यापेक्षा क्लॅम्पचं घ्या. सर्पिल चिरांचं कपलिंग पिळलं जातं, तेही खेळासारखंच दिसतं.

नट शेवटी. रोल केलेल्या 1605 वर एकेरी नटाला 0.02 ते 0.05 मिमी खेळ असणं नेहमीचं आहे आणि लाकडी कोरीवकामाला तो चालतो. त्याहून जास्त असेल तर जोडनट (एकमेकांवर ताणून बसवलेले दोन नट) घ्या, किंवा किंचित मोठ्या गोळ्या भरा. मूळ गोळी 3.175 मिमीची असते. नट स्क्रूवरून नुसता उतरवू नका, गोळ्या विखुरतात. स्क्रूच्या तळव्यासाहून किंचित बारीक नळी टोकाला लावून नट तिच्यावर सरकवा.

सॉफ्टवेअरने झाकणं

मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी मॅक3 मध्ये बॅकलॅश भरपाई आहे, मूळ जीआरबीएलमध्ये नाही. ती लावली तरी कटर लाकडाला ओढतो तेव्हा ढिली गॅन्ट्री पुढे उडी मारतेच, विशेषतः क्लाइम्ब कटमध्ये (कटरचे दात सरकण्याच्या दिशेनेच ओढतात तेव्हा). आधी बोल्ट आणि बेअरिंग नीट करा, उरलेल्या एक-दोन शतांशांसाठी भरपाई वापरा.

भुसा

सागवानाचा बारीक भुसा ग्रीसमध्ये मिसळला की घासणारी लुगदी होते. कॉम्प्रेसरची हवा नटाच्या तोंडावर मारू नका, भुसा आतच ढकलला जातो. कापडाने स्क्रू पुसा, मग लिथियम ग्रीस लावा. ग्रॅफाइटचं ग्रीस बॉलस्क्रूला नको. पावसाळ्यात मशीन बंद राहणार असेल तर स्क्रूवर तेलाचा हात फिरवा आणि आठवड्यातून एकदा गॅन्ट्री पूर्ण लांबीभर फिरवा.