समुद्राकाठचा पूल हीटर: आधी बघा खराबी बाहेरून आलीय की आतून

समुद्राजवळच्या पूलचा हीटर दोन्ही बाजूंनी मार खातो. बाहेरून खारा वारा, आतून पूलचं पाणी. दोन्हीची लक्षणं वेगळी, उपाय वेगळे, तरी लोक काय करतात तर हीटर बंद पडला की आधी नवीन बोर्ड मागवतात, मग सेन्सर, मग अजून कायतरी, आणि शेवटी कळतं की फिल्टर चोंदला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्यामुळे पार्ट मागवायच्या आधी अर्धा तास नुसतं बघण्यात घालवा.

आधी सोप्पं. स्क्रीनवर फ्लोचा एरर असेल तर बहुतेक वेळा हीटर ठणठणीत असतो, पाणीच पुरेसं पोचत नसतं. फिल्टरच्या गेजवर प्रेशर बघा, फिल्टर स्वच्छ असताना जेवढं असतं त्याच्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेलं असेल तर बॅकवॉश करा (म्हणजे फिल्टरमधून पाणी उलटं सोडा) नाहीतर कार्ट्रिज धुवा. स्किमरची (पूलच्या काठाला तरंगता कचरा ओढून घेणारं तोंड) आणि पंपाची जाळी साफ करा, बायपास व्हॉल्व्ह कोणी अर्धवट उघडा ठेवलाय का तेही बघा, कारण तो उघडा असला की पाणी हीटरला टाळून सरळ पुढे जातं.

दुसरी तक्रार, "हीटर चालू आहे पण पाणी तापतच नाही". इथे जरा गणित करा. १००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण १.१६ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. म्हणजे ५०,००० लिटरच्या पूलला १ अंशासाठी ५८ युनिट, आणि तुमचा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारा विजेवरचा हीटर) १२ किलोवॅट उष्णता देणारा असेल तर त्याला जवळजवळ ५ तास लागणारच, तेही वरून काही उडून जात नसेल तर. आणि समुद्राकाठी उडतंच, कारण वारा सतत असतो आणि पूलची सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनातच जाते. रात्री पूलवर कव्हर टाकत नसाल तर आधी ते टाकून बघा, मग हीटरला शिव्या घाला.

आता खाऱ्या वाऱ्याचं. हीट पंपाच्या कॉइलमधे तांब्याची नळी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ या पट्ट्यांवर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि ओलं राहतं. दोन वेगळे धातू आणि मधे खारा ओलावा, म्हणजे तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियमचा बळी जातो. सुरुवातीला फिन्सवर पांढरी पूड दिसते, मग बोट लावलं की पट्टी बिस्किटासारखी तुटते, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

उपाय फुकटातला आहे, गोडं पाणी. पॅनलवरून बंद करून भागत नाही, एमसीबी पाडा, पंखा पूर्ण थांबू द्या, मग साध्या बागेच्या पाइपने, हलक्या फवाऱ्याने, वरून खाली कॉइल धुवा. प्रेशर वॉशर अजिबात नको, फिन्स एका झटक्यात आडव्या होतात आणि मग हवाच जात नाही. थोड्या वाकल्या असतील तर फिन कोंब (फिन्सचा कंगवा) मिळतो त्याने सरळ करता येतात. पंख्याची मोटर आणि वायरिंगचा डबा यांच्यावर पाणी मारू नका. ॲसिडवाले क्लीनर पण नको, मीठ पाण्यात विरघळतंच, त्याला ॲसिड कशाला.

किती वेळा धुवायचं? समुद्रावरचा वारा थेट हीटरवर येत असेल तर माझ्या मते दर आठवड्या-पंधरवड्याला, मधे इमारती-झाडं असतील तर महिन्यातून एकदा चालेल. पण खरं उत्तर कॅलेंडरमधे नाही, हीटरच्या पत्र्यावर आहे. कोरडं बोट फिरवा, चिकट किंवा खरखरीत लागलं की धुवायची वेळ झाली. वादळी वारा होऊन गेला की दुसऱ्याच दिवशी धुवा. आणि एक गंमत बघा, लोक हीटर वाचावा म्हणून वर छप्पर करतात, तर छपराखाली पावसाचं पाणी येत नाही आणि मीठ तसंच साचत राहतं, त्यामुळे छपराखालच्या हीटरला उलट जास्त वेळा धुवावं लागतं. प्लॅस्टिकचं घट्ट कव्हर गुंडाळून ठेवणं तर त्याहून वाईट, आत ओलावा कोंडतो आणि गंज मजेत वाढतो. सीझन संपल्यावर झाकायचंच असेल तर हवा खेळणारं कव्हर घ्या, आणि हीटर चालू असताना काहीही झाकू नका.

कॅबिनेटचे स्क्रू वर्षातून एकदा सगळे काढून, पुसून, थोडं ग्रीस लावून परत बसवा. हे काम फालतू वाटतं पण गंजून अडकलेला स्क्रू ऐन वेळी तुटतो आणि मग ड्रिल मारत बसा. बदलायचे असतील तर ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील घ्या, ३०४ पेक्षा ते खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

इलेक्ट्रिकचा डबा उघडायच्या आधी एमसीबी बंद आणि टेस्टरने खात्री. कपॅसिटरमधे (मोटर सुरू व्हायला मदत करणारा, चार्ज साठवणारा भाग) सप्लाय बंद केल्यावरही चार्ज राहतो, हे माहीत नसेल किंवा तो डिस्चार्ज कसा करायचा कळत नसेल तर डब्यात हात घालू नका, सरळ इलेक्ट्रिशियन बोलवा. आत काय बघायचं तर टर्मिनलवर हिरवट थर, ढिले स्क्रू, काळी पडलेली वायर, आणि कॉन्टॅक्टरमधे (वीज आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) मुंग्या नाहीतर पाल. हो, पाल, हसू नका, कॉन्टॅक्टरच्या फटीत चिरडलेल्या पालीमुळे हीटर बंद पडतात. टर्मिनल साफ करून घट्ट करा, वर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या, आणि केबल जिथून आत येते ती ग्लँड नीट बंद करा, खारी हवा तिथूनच घुसते. पंखा नुसता गुणगुणतोय, फिरत नाही, असं असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर. नवीन घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त.

हीटरखाली पाणी दिसलं की सगळे घाबरतात. हीट पंप चालताना गार कॉइलवर हवेतला ओलावा जमतो आणि खाली गळतो, दमट हवेत तर बादलीभर गळतं, तो बिघाड नाही. ओळखायचं कसं, हीटर बंद करा पण पूलचा पंप चालू ठेवा. काही तासांत गळणं थांबलं तर ते दवाचंच पाणी होतं. थांबलं नाही तर त्या पाण्यात क्लोरीनची टेस्ट स्ट्रिप बुडवा, रंग आला की समजा पूलचं पाणी गळतंय, कुठलं तरी कपलिंग, ओ-रिंग किंवा एक्स्चेंजर (पूलच्या पाण्याला उष्णता देणारा भाग) गेलाय.

आता आतली बाजू, आणि खरं सांगू का, महागातली खराबी जास्त करून इथूनच येते. पूलच्या पाण्याचे आकडे असे हवेत: पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते) ७.२ ते ७.८, अल्कॅलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा क्षारपणा) ८० ते १२० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), कॅल्शियम हार्डनेस २०० ते ४०० पीपीएम, फ्री क्लोरीन १ ते ३ पीपीएम. पीएच खाली गेला की पाणी तांबं खायला लागतं. गॅस हीटरमधे बहुतेक तांब्याचा किंवा क्युप्रोनिकेलचा (तांबं-निकेलचा मिश्रधातू) एक्स्चेंजर असतो, तो विरघळायला लागला की पाण्याला हिरवट झाक येते आणि पूलच्या भिंतीवर निळे-हिरवे डाग पडतात. हे डाग घासत बसू नका, आधी पीएच मोजा. उलट पीएच आणि हार्डनेस दोन्ही वर गेले की चुना साठतो, आणि तो आधी साठतो सगळ्यात गरम जागी, म्हणजे एक्स्चेंजरमधेच. तेव्हा हीटरमधून किटलीसारखा सूं-खडखड आवाज येतो.

सगळ्यात घातक सवय म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमधे टाकून ठेवणं. ट्रायक्लोरची गोळी चांगलीच आम्लधर्मी असते, पंप बंद असताना ती तिथल्या थोड्याशा पाण्यात विरघळत राहते आणि पंप सुरू झाला की ते सगळं आम्लधर्मी पाणी थेट हीटरच्या पोटात. क्लोरिनेटर (पाण्यात क्लोरीन सोडणारं यंत्र) कायम हीटरच्या पुढे हवा, म्हणजे पाणी आधी हीटरमधून आणि मग क्लोरिनेटरमधून, आणि दोघांच्या मधे चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारा). सॉल्ट क्लोरिनेटरच्या (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राच्या) सेललाही हाच नियम. सॉल्ट पूलच्या मिठाला लोक उगाच घाबरतात, त्यात ३००० ते ४००० पीपीएमच मीठ असतं, समुद्रात ३५,००० च्या आसपास. तिथे खरी भानगड अशी की पीएच सारखा वर चढत राहतो, म्हणून मोजणं जास्त वेळा करावं लागतं.

गॅस हीटरवाल्यांनी ज्योत बघावी. निळी आणि स्थिर, ठीक. पिवळी, फडफडणारी, काजळी धरणारी असेल तर बंद करा, हवा कमी पडतेय आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, ज्याला ना रंग ना वास. बर्नरवर गंजाच्या खपल्या पडून भोकं बुजतात, कोळी आत जाळं करतात, ते गॅस बंद करून, हीटर गार झाल्यावर मऊ ब्रशने साफ करता येतं. पेटून लगेच विझत असेल तर फ्लेम सेन्सर काढून बारीक एमरीने हलकेच पुसा. गॅसचा वास आला तर बटण दाबायचं नाही, मेन व्हॉल्व्ह बंद, माणसं लांब, आणि फोन तिथून बाहेर जाऊन. गॅस व्हॉल्व्ह आणि हीट पंपाचा रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारा आतला वायू), या दोन गोष्टींना घरी हात लावायचा नाही. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसला तर बहुधा रेफ्रिजरंट गळतोय, टेक्निशियनला तो डाग दाखवा, त्याचा शोधायचा वेळ वाचेल.

वादळाचा इशारा आला की एमसीबी बंद, गॅस बंद, हीटर पायाला बोल्टने घट्ट आहे का बघा. समुद्राचं पाणी हीटरमधे शिरलं असेल तर वाळवून चालू करून बघणं हा विचारच नको, बुडालेला गॅस व्हॉल्व्ह आणि कंट्रोल बदलावेच लागतात.

नवीन घ्यायची वेळ आली तर टायटॅनियमचा एक्स्चेंजर, कोटिंग केलेली कॉइल आणि प्लॅस्टिकची बॉडी एवढं बघाच, आणि पैसे देण्याआधी वॉरंटीचं बारीक अक्षरातलं वाचा, कारण पाण्याच्या केमिस्ट्रीमुळे झालेलं नुकसान बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं. पाणी मोजाल तेव्हा तारीख टाकून आकडे वहीत लिहून ठेवा, क्लेम करताना तीच वही उपयोगी पडते.