अजगर पकडला, पण सोडायचा कुठे? या चुका टाळा

चोपडा तालुक्यात तापीकाठच्या केळीच्या एका पिलबागेत (जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या पिकात) घड उतरवणाऱ्या मजुरांच्या पायाशी नऊ फुटी अजगर निघाला. आम्ही तो वीस मिनिटांत पोत्यात घातला. पुढे चार तास वाद झाला तो जागेचा. बागमालक हात जोडून म्हणत होते, "आमना शिवारमा नको भाऊ!" आम्हालाही वाटलं, लांबचं जंगल म्हणजे चांगलं जंगल. वनरक्षकाला गळ घालून आम्ही तो सातपुड्यात पार वर नेऊन सोडला. दिवस डिसेंबरचे होते, वेळ रात्रीची.

बारा दिवसांनी घाटरस्त्यावर चाकाखाली आलेला अजगर सापडला. शेपटीच्या हातभर वर तारेने कापल्याचा जुना व्रण. तोच होता.

चूक पहिली, आणि सगळ्यात मोठी: लांब नेणं

अजगर जिथे राहतो तिथलं बीळ, पाणी, उन्हाला पडायची जागा हे सगळं त्याच्या पाठ असतं. अनोळखी डोंगरात टाकला की तो आडोसा शोधत भटकतो, रस्ते ओलांडतो, थंडीत उघड्यावर सापडतो. म्हणून जागा शोधायची ती शक्यतो त्याच नाल्याच्या, त्याच नदीकाठच्या पट्ट्यात. फक्त वस्ती आणि रोजच्या कामाच्या बागेपासून बाजूला. केळीच्या बागेत तो उगाच आलेला नसतो. ठिबकचा ओलावा, वाळलेल्या पानांचे ढीग, त्यात उंदीर आणि घुशी. त्याचं घर बहुतेक वेळा बांधापलीकडच्या नाल्यातच असतं.

जागा दिवसा, पायी फिरून बघा. गाडीच्या उजेडात सगळंच जंगल वाटतं. मी चार गोष्टी बघतो. एप्रिलमध्येही पाणी टिकतं का? पावसाळ्यातला भरलेला नाला बघून फसू नका, गुराख्याला विचारा. साळिंदराची बिळं किंवा कपारी आहेत का? बिळाच्या तोंडाशी पडलेले काटे दिसले की ओळख पटते. अजगर अशी आयती बिळं वापरतो. मध्ये वाहता रस्ता आहे का? आणि डोहात मासेमारीची नायलॉन जाळी लावलेली असते का? जाळीत अडकलेला अजगर एकदा सोडवून बघा, मग हा प्रश्न विसरणार नाही.

शेजारच्या शेतकऱ्यांशी बोलणं हे यातलं खरं वेळखाऊ काम. अजगर बिनविषारी आहे, उंदीर-घुशी खातो, कधी रानडुकराचं पिल्लूही गिळतो, हे चहा पिता पिता सांगावं लागतं. लपवून सोडलात तर आठवड्यात पुन्हा फोन येतो, किंवा येतच नाही, आणि तेव्हा समजायचं की काठ्या पडल्या.

जागा आपणच ठरवणं

जागेचा अंतिम निर्णय वनखात्याचा. अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. तो घरी ठेवणं, गळ्यात घालून मिरवणं, परस्पर कुठेतरी सोडणं, सगळंच अंगाशी येतं. शिक्षा किमान 3 वर्षांची आहे. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा, नोंद आणि पंचनामा होऊ द्या. जखम असेल तर आधी पशुवैद्यक, मग जंगल.

वेळ चुकवणं

आमची दुसरी चूक हीच. साप अंगाची ऊब बाहेरून घेतो. थंडीत सकाळचं ऊन अंगावर आलं की सोडा. मे महिन्यात, भुसावळकडे पारा 45 च्या घरात असताना, सूर्य कलल्यावर. मधल्या वेळेत खताची प्लास्टिक गोणी नको, धुतलेलं सुती पोतं घ्या आणि सावलीत ठेवा. कोंबडीही देऊ नका, घाबरलेला अजगर खात नाही.

पोट फुगलेलं असताना हलवणं

नुकतंच गिळलेलं भक्ष्य तो हाताळल्यावर ओकून टाकतो. जागा धोक्याची नसेल तर गर्दी हटवा आणि त्याला पडून राहू द्या. अंड्यांवर बसलेल्या मादीलाही हाच नियम. उन्हाळ्यात ती अंड्यांना वेटोळं घालून बसते, अंग थरथरवून ऊब देते. सुमारे दोन महिने लागतात. अंडी उचलून उलटी केली तर आतली पिल्लं मरू शकतात. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याने तेवढा कोपरा कापणीविना सोडला होता, चार झाडांचं नुकसान सोसून.

ओळख न पटवता हात घालणं

अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलणारे आहेत. घोणसाच्या पाठीवर साखळीसारखे ठळक गोल ठिपके ओळीत असतात, अजगराचे डाग वेडेवाकडे. शंका असेल तर तो घोणसच समजा. आणि शहरात कुणी हौसेने पाळलेला विदेशी अजगर निघाला तर तो आपल्या रानात कधीच सोडायचा नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळीव बर्मी अजगर दलदलीत सुटले आणि तिथले छोटे प्राणी फस्त झाले.

सोडताना पोत्याचं तोंड बिळाकडे करा, गाठ सोडा आणि मागे सरका. कधी तो पाच मिनिटांत आत जातो, कधी तासभर तसाच पडून राहतो. फोटोसाठी काठीने ढोसू नका. तो हलत नसेल तर तुम्ही निघा.