बॅटरी डिकीत हलवताना

डिकीत सीएनजीची टाकी असेल तर हा बेत सोडा. बडोद्यात सीएनजीवरच्या गाड्या पुष्कळ, त्यामुळे हे आधीच सांगितलेलं बरं. वॉल्व्हपाशी गॅस झिरपत असताना शेजारच्या टर्मिनलवर एक ठिणगी उडाली, तरी भडका उडेल. बोनेटखालच्या उष्णतेनं बॅटरी लवकर जाते, एवढंच कारण असेल तरीही हा खटाटोप नको. बॅटरीभोवती उष्णतारोधक वेष्टन घातलं की स्वस्तात भागतं. टर्बोला जागा करायची असेल किंवा पुढचं वजन मागे न्यायचं असेल, तर मात्र पुढे वाचा.

खरा धोका केबलचा आहे. मूळ रचनेत पॉझिटिव्ह केबल हात-दीड हात लांब असते. आता तीच पाच मीटर होऊन पत्र्याच्या कडांवरून, सीटखालून जाणार. एके ठिकाणी आवरण घासून तांबं बॉडीला टेकलं, की हजाराहून जास्त अँपिअर वाहू शकतात आणि गालिचा पेटतो. म्हणून पॉझिटिव्ह टर्मिनलपासून फार तर ३० सेंटीमीटरवर फ्यूज हवाच. पेट्रोल गाडीला साधारण २५० अँपिअरचा मेगा फ्यूज (बोल्टनं बसवायचा मोठा फ्यूज) आणि ५० चौरस मिलिमीटरची केबल. डिझेलला ३०० अँपिअर आणि ७० चौरस मिलिमीटर. काचेच्या नळीतले ऑडिओ फ्यूज इथे चालत नाहीत.

केबल जाड कशाला, त्याचा हिशेब असा. सेल्फ २०० अँपिअर ओढत असताना पाच मीटरच्या ५० चौरस मिलिमीटर केबलमध्ये सुमारे ०.४ व्होल्ट पडतात, २५ च्या केबलमध्ये ०.८. थंडीच्या सकाळी, बॅटरी निम्मी उतरलेली असताना, हाच फरक सेल्फ फिरणार की कण्हणार ते ठरवतो. केबल शुद्ध तांब्याची, बारीक तारांची घ्या. अँप्लिफायरच्या स्वस्त किटमध्ये बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं; एक तार ब्लेडनं खरवडली की आतला पांढरा रंग दिसतो. आपल्या गावात ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगिअरचा धंदा मोठा, तेव्हा मकरपुरा जीआयडीसीत पॅनेल बनवणाऱ्यांकडे लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, हायड्रॉलिक क्रिम्पिंग यंत्रानं दाबून घ्या. हातोडीनं ठोकलेला लग आतून पोकळ राहतो आणि तिथेच तापतो. वर गोंदाची हीट श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवा.

काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढा. शेवटी जोडतानाही तीच सर्वांत शेवटी. केबल गाडीच्या आतून, दरवाज्याच्या उंबऱ्याखालून न्या. पेट्रोलच्या नळ्या आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगपासून ती लांब ठेवा. पत्र्याच्या प्रत्येक छिद्रात रबरी ग्रोमेट (कडेपासून केबल वाचवणारी कडी) बसवा आणि दर ३० सेंटीमीटरवर केबल क्लिपनं बांधा. पुढे, बोनेटखाली, झाकणवाला इन्सुलेटेड जंक्शन पोस्ट (तारा एकत्र जोडायचा खुंट) लावून सेल्फ, अल्टरनेटर आणि मूळ फ्यूजबॉक्सच्या तारा त्यावर घ्या.

निगेटिव्ह केबलही तेवढीच जाड, आखूड, डिकीतल्या जाड पत्र्याला. रंग खरवडून चकचकीत धातू दिसू द्या, एम८ किंवा एम१० बोल्ट आवळा, वर गंजरोधक फवारा. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. इंजिन ते बॉडी ही पुढची अर्थिंग पट्टी जुनी असेल तर नवी घाला. सेल्फचा परतीचा प्रवाह तिथूनच जातो. निगेटिव्ह टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तो वायरिंगसकट मागे न्यावा लागतो, नाहीतर चार्जिंगचा हिशेब चुकतो. ते जमणार नसेल तर थांबा.

चार्ज होताना बॅटरी हायड्रोजन सोडते आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेटू शकतो. म्हणून वायू बाहेर सोडायचं छिद्र असलेली एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली, सीलबंद) घ्या, तिची नळी डिकीच्या तळातून बाहेर काढा. पाण्याची साधी बॅटरी वापरायचीच, तर झाकणबंद बॉक्स हवा आणि त्याच्या वरच्या भागातून बाहेर जाणारी नळी. हायड्रोजन हलका, वर साचतो. बॉक्स तळातून आरपार बोल्टनं बसवा, खाली लोखंडी पट्टी द्या. नुसत्या स्क्रूवर किंवा पट्ट्यावर १५ किलो वजन अपघातात टिकत नाही. स्टेपनीच्या खळग्यात बॅटरी ठेवण्याचा मोह होतो, पण ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी चढलं तसं पुन्हा चढलं, तर सर्वांत आधी भरेल तो हाच खळगा.

चाचणी मल्टिमीटरनं करा. इंजिन सुरू होणार नाही अशी सोय करून सेल्फ मारताना पॉझिटिव्ह टर्मिनल ते सेल्फचा बोल्ट ०.५ व्होल्टपेक्षा जास्त घट नसावी. निगेटिव्ह टर्मिनल ते इंजिन ब्लॉक ०.३ पेक्षा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. स्मार्ट अल्टरनेटर (गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा) असेल तर आकडा खालीवर होतो. दोन-चारदा सेल्फ मारून प्रत्येक लगला हात लावून पाहा. कोमट लागला तो पुन्हा क्रिम्प करायचा. महिन्यानं सगळे बोल्ट परत आवळा आणि बदल विमा कंपनीला लेखी कळवा, वॉरंटी चालू असेल तर शोरूमलाही विचारून ठेवा.