मोन्ताल्चिनोला जाताय? आधी परतीची बस बघा

इटलीतल्या सिएना शहराहून एका दिवसात मोन्ताल्चिनो हे वाइनचं गाव करून यायचं असेल तर आधी परतीची बस शोधा, जायची नंतर. मागच्या खेपेला आम्ही नेमकं हेच पाहिलं नाही आणि रविवारची अख्खी संध्याकाळ टॅक्सी शोधण्यात गेली. गाव डोंगरमाथ्यावर, साडेपाचशे मीटरच्या वर. गावात रेल्वे नाही. सगळ्यात जवळचं स्टेशन बुओनकोन्वेन्तो, तेही खाली खोऱ्यात, दहा किलोमीटरहून लांब.

वेळापत्रक नीट वाचा. 'फेरियाले' म्हणजे सोमवार ते शनिवार, 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. 'स्कोलास्तिको' लिहिलेली बस शाळा चालू असतानाच धावते. जुलै-ऑगस्टमध्ये तिची वाट बघत बसू नका. रविवारी बस अगदी मोजक्या, म्हणून शक्यतो रविवार टाळाच. तिकीट आधी काढून ठेवा, जातानाचं आणि येतानाचं एकदमच. दारावर मोठा T असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. दुपारी ते दुकानही बंद असू शकतं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच, आपल्या आरटीओतून काढून न्या. जुन्या गावांच्या वेशीवर लाल वर्तुळाची पाटी आणि कॅमेरा दिसला की आत शिरू नका. दंडाचं पत्र पुण्यातल्या पत्त्यावरही येतं. निळ्या रेषांत पैसे भरून गाडी लावायची, पांढऱ्या रेषांत फुकट. आणि जो चालवणार तो पिणार नाही, हे घरूनच ठरवून निघा.

बूट चांगल्या पकडीचे हवेत. गल्ल्या दगडी आहेत आणि चढ खरोखर चढ आहेत.

किल्ला पाहायला घाई करू नका. सिएनाने तो 1361 मध्ये बांधायला घेतला, पाच कोनांचा. 1555 मध्ये सिएनाचं नगरराज्य शत्रूच्या हाती पडल्यावर तिथले लोक इथे आले आणि 1559 पर्यंत त्यांनी आपलं प्रजासत्ताक याच तटाआड टिकवलं. अंगणात शिरायला पैसे पडत नाहीत, तटावर चढायला तिकीट. ते काढाच. वरून द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं आणि थेट ओर्चा खोरं दिसतं. मात्र वर जाण्याआधी परतीच्या बसचा गजर मोबाइलवर लावा. वर वेळेचं भान राहत नाही.

वाइनसाठी मळ्यावर जायचं तर आधी ईमेल करून वेळ घ्या. बहुतेक मळे गावाबाहेर आहेत, बसने आलेल्यांनी किल्ल्यातल्याच वाइनच्या दुकानात बसावं. ब्रुनेल्लो ही इथली नावाजलेली लाल वाइन. ती फक्त सांजोवेझे द्राक्षाची, आणि तोडणीनंतर पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीआधी विकायलाच परवानगी नाही. महाग असते ती त्यामुळे. खिसा आवरायचा असेल तर रोस्सो ही इथलीच स्वस्त लाल वाइन मागा, ती वर्षभरात बाजारात येते. रिकाम्या पोटी पिऊ नका. शाकाहारींनी पिची आल्लाल्योने मागवावी: हाताने वळलेल्या जाड शेवया, टोमॅटो आणि भरपूर लसूण. दुपारचं स्वयंपाकघर अडीचच्या सुमारास बंद होतं.

बाटल्या चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या.

पाणी, टोपी, थोडी रोकड. बसमधून उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि परतीची बस याच थांब्यावरून सुटते का, ते चालकालाच विचारा.