चावणाऱ्या पोपटाला हातावर कसं घ्यावं

पोपट चावला की त्याच्या चोचीवर टिचकी मारा, तोंडावर फुंकर घाला, हात हलवून त्याचा तोल घालवा, असं छातीठोकपणे सांगणारे भरपूर भेटतात. त्यांच्यापैकी कुणाच्या घरचा पोपट त्यामुळे चावायचा थांबलाय, असं माझ्या तरी पाहण्यात नाही. टिचकी बसली की हाताला भ्यायलाच हवं हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. हात हलवलात की तो पडायच्या भीतीने पुढच्या वेळी आणखी घट्ट धरतो. जाड हातमोजे घालून पकडापकडी करणं तर सगळ्यांत वाईट. मिळवलेला विश्वास त्यात मिनिटभरात मातीमोल होतो.

बजी, कॉकाटील, लव्हबर्ड, कोन्युअर, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा या सगळ्यांना खालची रीत लागू पडते. चोचीचा जोर तेवढा वेगवेगळा.

आधी कारण बघा. चांगला माणसाळलेला पोपट एकाएकी चावायला लागला, तर शिकवणी बाजूला ठेवा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. त्यातून तो फुगून बसत असेल, खाणं कमी झालं असेल किंवा विष्ठा बदलली असेल तर त्याच दिवशी जा. झोप कमी पडते का तेही बघा. 10 ते 12 तास अंधार आणि शांतता हवी. जुनी पिसं गळून नवी फुटत असतील तर डोकं खाजवलेलंही दुखतं. आणि लाडाने पाठीवरून, पंखांखालून हात फिरवायची सवय असेल तर ती आजच सोडा. त्या जागी हात लागला की त्याला जोडीदाराचे वेध लागतात, मग तो पिंजरा आणि अंधारे कोपरे घरट्यासारखे राखायला लागतो. डोकं आणि मान, बस्स. खोकी आणि कपाटाखालच्या फटीही बंद करा.

पिंजऱ्यात हात घालू नका. दार उघडा आणि तो आपणहून बाहेर येईपर्यंत थांबा. शिकवणी बाहेरच्या दांडीवर.

खाऊ एकच ठरवा. राळ्याचं कणीस बहुतेकांना आवडतं. ते रोजच्या वाटीतून काढून टाका, शिकवतानाच द्या.

आता हात पुढे करायचा. सगळं बिनसतं ते इथे. माझ्या बोटांवरच्या जवळपास सगळ्या खुणा याच टप्प्यावरच्या आहेत, म्हणून इथे घाई करू नका.

पोपट चोच तिसऱ्या पायासारखी वापरतो. अनोळखी दांडीवर पाय टाकण्याआधी ती भार पेलेल का, हे तो चोचीने धरून बघतो. तुमचं बोटही त्याच्या लेखी दांडीच. चोच बोटाकडे आली की माणूस दचकून हात मागे घेतो. त्यातून पोपट दोन गोष्टी शिकतो: हे बोट भरवशाचं नाही, आणि चोच उघडली की हात पळतो. दुसरी गोष्ट त्याच्या फार कामाची आहे. तो ती विसरणार नाही.

यावर ‘चावू दे, हात हलवू नका, कंटाळून सोडेल’ असा सल्ला देतात. मला तो साफ अमान्य आहे. चावण्याआधी पोपट बरंच काही सांगत असतो. ते कुणी ऐकलं नाही की सांगणं सोडून तो थेट चावायला लागतो, आणि इशारा न देता चावणारा पोपट सगळ्यांत अवघड.

म्हणून चाचपणी आणि चावा यातला फरक ओळखायला शिका. चाचपणीत चोच सावकाश येते, बोटाला कोरडी जीभ लागते, अंग सैल असतं आणि लगेच एक पाय उचलला जातो. तेव्हा बोट खांबासारखं स्थिर ठेवा. चावायच्या आधी अंग ताठरतं, मानेवरची पिसं उभी राहतात, शेपूट पंख्यासारखी पसरते, डोळ्याची बाहुली भराभर लहानमोठी होते. आनंदातही बाहुली अशी खेळते, त्यामुळे एकट्या डोळ्यावर विसंबू नका. कॉकाटीलच्या काळ्याभोर डोळ्यात तर बाहुली दिसतच नाही. तिथे तुरा बघा: तो डोक्याला चपट चिकटला आणि फुसकारा आला की थांबा.

थांबा म्हणजे हात झटकू नका. आहे तिथेच ठेवा, अंग सैल झालं की खाऊ द्या आणि मग हात सावकाश न्या. उद्या तिथूनच बोटभर पुढे. ताठरण्याच्या आधीच थांबता आलं तर उत्तम. अंतर मिटलं की बोट आडवं धरून बाजूने आणा, पायांच्या जरा वर, पोटाशी टेकवा. वरून झडप घातल्यासारखा हात कधीही आणू नका. चढला की खाऊ, लगेच परत दांडीवर. दोन-चार वेळा झालं की शिकवणी बंद, त्याला अजून हवं असतानाच.

तरीही चावलाच तर हात हिसकू नका, वाकड्या चोचीने कातडी फाटते. ओरडूही नका, काहींना त्या आरडाओरड्याची मजा वाटते. हात टेबलाला टेकवा, त्याला उतरू द्या, मिनिटभर पाठ फिरवा. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात कोंडू नका. त्याला आत जायचंच असेल तर चावणं हा जवळचा रस्ता आहे, हे तो शिकेल. जखम साबण-पाण्याने धुवा, खोल असेल तर डॉक्टरांना दाखवा.

खांद्यावर इतक्यात नको. तिथे त्याचं अंग दिसत नाही आणि चोच डोळ्यापाशी असते. त्यातच दारात कुणी परकं आलं, तर तिथवर पोचता येत नाही म्हणून तो तुमचाच कान धरतो.

तुमच्या हातावर तो शहाण्यासारखा बसला म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाकडे लगेच सोपवू नका. त्या माणसाने खाऊ हातात घेऊन, लांब उभं राहून, स्वतःची सुरुवात पहिल्यापासून करायची.