गुप्त कारवायांचे कागद कसे वाचावेत: अभ्यासमंडळासाठी एक रीत

‘सगळं सीआयएचं कारस्थान’ म्हणणारा माणूस बीडपासून नांदेडपर्यंत कुठल्याही टपरीवर भेटतो. ‘कशावरून?’ एवढं विचारलं की त्याची गाडी अडते. खरं तर पुरावा मुबलक आहे, फुकट आहे, आणि त्यातला बराचसा कारवाई करणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलेला आहे. अंबाजोगाई, लातूर, परभणीसारख्या ठिकाणच्या कॉलेजात किंवा वाचनालयात चार-पाच बैठकांत बसवता येईल अशी ही रीत आहे. शेवटी त्यातून पुराव्यानिशी लिहिलेला एक टीकालेख उभा राहावा.

मंडळात सहा ते आठ जण पुरेत. त्यात एक जण इंग्रजी नीट वाचणारा हवा आणि जमलं तर एक उर्दू वाचणारा. तो का, ते पुढे येईल. बैठक दोन तासांची ठेवा आणि एका बैठकीत दहा-बारा पानांच्या वर जाऊ नका. सगळा इतिहास एका रविवारी संपवायला निघालेली मंडळं तिसऱ्या आठवड्यात बंद पडतात. छापील प्रती एका बाजूलाच काढा आणि समास रुंद ठेवा, खुणा करायला जागा लागते.

कागद मुख्यतः दोन ठिकाणी मिळतात. पहिलं ठिकाण म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाची दस्तऐवज-मालिका. ही टंकित मजकुराच्या रूपात असल्याने मोबाइलवरही उघडते आणि शोधता येते, म्हणून सुरुवात इथून करा. दुसरं ठिकाण सीआयएचं ऑनलाइन वाचनदालन. २०१७ च्या जानेवारीत तिथे एक कोटीहून जास्त पानं एकदम आली, पण ती स्कॅन केलेली आहेत. अक्षरओळख कच्ची असल्याने नाव टाकून शोधलं तर निम्मं सापडत नाही. तिथे तारखेनं शोधा. फायली जड असतात, बैठकीच्या आदल्या दिवशीच उतरवून ठेवा.

पहिल्या बैठकीला एकच पान घ्या. १५ सप्टेंबर १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सीआयएचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांना चिलीबद्दल सूचना दिल्या: निवडणुकीत पुढे असलेले समाजवादी नेते आयेंदे सत्तेवर येता कामा नयेत. सुरक्षा सल्लागार किसिंजर आणि ॲटर्नी जनरल मिचेल हजर होते. हेल्म्स यांनी हातानं टिपणं घेतली: यशाची शक्यता दहात एक, जोखमीची पर्वा नाही, दूतावासाला गुंतवायचं नाही, एक कोटी डॉलर उपलब्ध, लागले तर आणखी, अर्थव्यवस्थेला किंकाळी फोडायला लावा, योजनेसाठी ४८ तास.

आता फळ्यावर चार रकाने आखा: हेतू, आदेश, कृती, परिणाम. कागदातलं प्रत्येक वाक्य यांपैकी एकाच रकान्यात जायला हवं. फेरफार नोंदीसारखंच हे आहे: अर्ज आला म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढलं असं होत नाही, मधे नोटीस, हरकत, मंजुरी सगळं असतं. हेल्म्स यांचं पान पहिल्या दोन रकान्यांत बसतं. तिसऱ्यासाठी दुसरे कागद लागतात. २२ ऑक्टोबरला चिलीचे सरसेनापती श्नायडर यांच्या अपहरणाच्या प्रयत्नात त्यांना गोळ्या लागल्या, तीन दिवसांनी ते वारले, तरी ३ नोव्हेंबरला आयेंदे सत्तेवर आलेच. म्हणजे तो डाव फसला. आयेंदे यांना पाडणारं लष्करी बंड झालं ११ सप्टेंबर १९७३ ला, जवळपास तीन वर्षांनी.

इथेच बहुतेक लेख घसरतात. हेल्म्स यांचं टिपण आणि १९७३ चं बंड शेजारी ठेवून ‘आदेश दिला, बंड झालं’ असं लिहिलं जातं. अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीला (सिनेटर फ्रँक चर्च यांची, गुप्तचर संस्थांची चौकशी करणारी) १९७५ मध्ये त्या बंडात अमेरिकेच्या थेट सहभागाचा पुरावा मिळाला नव्हता. बंडाआधी विरोधी पक्षांना आणि वृत्तपत्रांना पुरवलेला पैसा मात्र तिनं नोंदवला. जाणकार वाचक एवढ्या एका चुकीवरून तुमचा सगळा लेख बाजूला ठेवेल. आमच्या मते टीकेला तिसऱ्या रकान्याची इतकी गरजही नाही. दुसऱ्या देशात निवडून येणाऱ्या माणसाला सत्तेवर येऊ द्यायचं नाही, असा आदेश खोलीत बसून देण्याचा अधिकार कोणाला कोणी दिला, हा प्रश्न दुसऱ्या रकान्यातच उभा राहतो.

दुसऱ्या बैठकीत कागदाचं डोकं वाचायला शिका. तारीख, वेळ, पाठवणारा, घेणारा आणि प्रती कोणाला गेल्या, हे मजकुराआधी उतरवून घ्या. तारेतल्या वेळेपुढे ‘झेड’ असेल तर ती ग्रीनिचची वेळ. तेहरान किंवा ढाक्याच्या घटनांशी जुळवताना फरक मिळवला नाही तर दिवसच बदलतो. सांकेतिक नावांची पहिली दोन अक्षरं बहुधा देश किंवा विषय सांगतात. ‘टीपीएजॅक्स’ (१९५३ च्या इराणमधल्या कारवाईचं नाव) मधली ‘टीपी’ इराणची, ‘एएम’ क्युबाची. ‘कुबार्क’ म्हणजे खुद्द सीआयए. आणि वगळलेल्या जागा सोडून देऊ नका: इतिहास कार्यालयाच्या मालिकेत किती ओळी गाळल्या ते चौकटी कंसात लिहिलेलं असतं. तोच कागद वेगवेगळ्या वर्षी दोनदा खुला झाला असेल तर दोन्ही प्रती शेजारी ठेवा. एकीत झाकलेलं दुसरीत उघडं सापडतं.

इराण तिसऱ्या बैठकीला घ्या, कारण सरकारी प्रकाशनही कसं फसवतं ते तिथे दिसतं. इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांनी १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि ऑगस्ट १९५३ मध्ये त्यांना पाडण्यात आलं. १५ तारखेच्या रात्रीचा पहिला प्रयत्न फसला, इराणचे राजे शहा बगदादमार्गे रोमला पळाले, आणि १९ तारखेला दुसऱ्या उठावात सरकार कोसळलं. १९८९ मध्ये इतिहास कार्यालयाच्या मालिकेत या काळाचा अधिकृत खंड छापला तेव्हा त्यात सीआयएच्या भूमिकेचा मागमूस नव्हता. इतिहासकारांनी इतका आरडाओरडा केला की १९९१ मध्ये मालिका पूर्ण आणि विश्वासार्ह असावी असा कायदाच झाला. तरी सुधारित खंड यायला २०१७ उजाडलं. सीआयएचा १९५४ चा अंतर्गत अहवाल वाचताना लक्षात ठेवा की तो फत्ते झाल्यावर आपल्याच साहेबांसाठी लिहिलेला आहे. त्यात स्वतःच्या करामतीचं माप जरा भरूनच असणार. रस्त्यावरचे मौलवी, बाजारपेठ, नाराज अधिकारी यांचा वाटा दुसरीकडून शोधावा लागतो.

मापदंड दोन ठेवू नका. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या एका दैनिकात एक निनावी पत्र छापून आलं: एड्सचा विषाणू अमेरिकेनं बनवला. हे पेरणं सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीचं होतं. अमेरिकेवर टीका करायला उत्सुक असलेल्या वाचकालाच ते गिळायला सोपं गेलं. म्हणून निनावी, मूळ प्रत नसलेला किंवा फक्त फॉरवर्ड होऊन आलेला कागद रकान्यांत घेऊच नका. सध्याचे फुटलेले गोपनीय कागद तर हाताळूही नका: १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली ते घेणं हाही गुन्हा ठरू शकतो. अधिकृतपणे खुलं झालेलं साहित्य आयुष्यभर पुरेल इतकं आहे.

चौथी बैठक आपल्या मातीवर. जून १९४८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा एनएससी १०/२ हा निर्देश निघाला: कारवाई अशी आखा की उघडी पडली तरी सरकारला कानावर हात ठेवता यावेत. त्याच पावसाळ्यात सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं उडवून निजामाला शस्त्रं पोचवत होता. बिदरच्या धावपट्टीवर ती उतरत. नंतर ब्रिटनमध्ये त्याला २०० पौंड दंड झाला, बस्स. या प्रकरणाला चार रकाने लावा. मग सप्टेंबरच्या हैदराबाद पोलीस कारवाईनंतरच्या हिंसेचा सुंदरलाल समितीचा अहवाल घ्या. मृतांचा त्यातला अंदाज २७ ते ४० हजार आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. रझाकारांचे अत्याचारही त्याच टेबलावर हवेत. आपल्या सरकारनं हा अहवाल कित्येक दशकं छापला नाही, हेही टीकेत आलं पाहिजे, नाहीतर तेहरानबद्दल बोलायला तोंड उरत नाही. निजामकाळाची दफ्तरं हैदराबादच्या तारनाक्यातल्या अभिलेखागारात आहेत. उर्दू वाचणारा इथे लागतो. कागदावर फसली सन (महसुली कालगणना) असेल तर महिना बघून ५९० किंवा ५९१ मिळवा, म्हणजे इसवी सन निघतो.

पुढचं काम माहिती अधिकाराचं. रॉ आणि आयबी या आपल्या गुप्तचर संस्था कलम २४ खाली या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच दार उघडतं, आणि हक्कभंगाच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते, मुदत ४५ दिवस. म्हणून थेट त्यांच्याकडे न जाता परराष्ट्र मंत्रालयाला विचारा. श्रीलंकेतल्या १९८७ ते १९९० च्या भारतीय शांतिसेनेसारखा वीस वर्षांहून जुना विषय असेल तर अर्जात कलम ८(३) लिहा, पण सुरक्षा, विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद तिथेही टिकतात. ‘सर्व माहिती द्या’ असं लिहिलं की अर्ज बाद झालाच समजा. फाईलचं वर्ष, खातं आणि विषय नेमका द्या. शुल्क १० रुपये, छायाप्रत पानाला २ रुपये, अर्ज मराठीतही चालतो. संसदेतली चर्चा तर अर्जाविना मिळते: नंदादेवीवर १९६५ मध्ये नेलेल्या अणुऊर्जेच्या यंत्राबद्दल मोरारजी देसाई एप्रिल १९७८ मध्ये लोकसभेत काय म्हणाले, ते लोकसभेच्या डिजिटल ग्रंथालयात वाचता येतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत दुसरं. नकाराचं पत्र फेकू नका. कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेला, कोणत्या विषयावर नकार दिला ते लेखात जसंच्या तसं घाला.