मुलांचे कपडे घरी शिवून विकताय? व्यवसाय वाढवताना या चुका टाळा

बारशाला हाताने शिवलेली दोन झबली-टोपडी दिली, पाहुण्यांनी चौकशी केली आणि ऑर्डरी सुरू झाल्या. अनेक जणींचा व्यवसाय असाच उभा राहतो. खरी अडचण वर्ष-दोन वर्षांनी येते. काम दुप्पट होतं, मशीन रात्री अकरापर्यंत चालतं, तरी महिनाअखेरीला हातात उरतं तेवढंच. हे कष्ट कमी पडल्यामुळे होत नाही. सुरुवातीला चालून गेलेली किमतीची, मापाची किंवा कापडाची चूक ऑर्डरींबरोबर वाढत जाते, म्हणून होतं.

स्वतःची मजुरी आणि नफा एकच धरणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एक फ्रॉक घेऊ. कापड ९० रुपये, दोरा-बटणं-लेस २५, पिशवी आणि टॅग १५, असे १३० रुपये. बेतणं, शिवणं, काज करणं, दोरे कापणं आणि इस्त्री मिळून दीड तास लागला आणि तासाचे १०० रुपये धरले, तर मजुरी १५०. एकूण २८० झाले. वीज, मशीनची दुरुस्ती, वाया गेलेलं कापड, ग्राहकांशी फोनवर गेलेला वेळ यांसाठी वर १५ टक्के धरा. म्हणजे ३२२ रुपये.

आता बहुतेक जणी हा फ्रॉक ३०० ला विकतात, कारण पुण्याच्या तुळशीबागेतल्या बाजारात तसाच अडीचशेला मिळतो. सामान १३० ला पडलं, म्हणजे १७० सुटले असं वाटतं. पण त्या १७० मधून वरखर्चाचे ४२ गेले की तुमची मजुरीसुद्धा पूर्ण निघालेली नसते.

दुकानात माल ठेवायची वेळ आली की हे उघडं पडतं. दुकानदाराने ३० टक्के मागितले आणि तुम्ही छापील किंमत ४५० ठेवली, तर त्याला १३५ जातात आणि तुमच्याकडे ३१५ येतात. ३२२ चा फ्रॉक ३१५ ला गेला. तोच ५५० ला ठेवला तर ३८५ येतात आणि ६३ रुपये उरतात. हा नफा. उद्या शिवणकाम दुसऱ्या बाईंना दिलंत तर १५० त्यांचे, पण ६३ तुमच्याकडेच राहतील. मजुरीशिवाय काहीच उरत नसेल, तर मदतीला माणूस ठेवताच येत नाही आणि व्यवसाय तुमच्या दोन हातांपुरताच राहतो.

५५० ला कोण घेईल, ही भीती खरी आहे. पण तुळशीबागेच्या भावाशी बरोबरी करणाऱ्या ग्राहकाला तुळशीबागेतच जाऊ द्यावं. तुमच्याकडे येणारीला मऊ शिवण, आईच्या साडीतून बेतलेलं परकर-पोलकं, बाळाचं नाव भरलेलं दुपटं हवं असतं. ते तिला तिथे मिळत नाही.

वयावरून माप ठरवणं

"सहा महिन्यांच्या बाळाला होईल ना?" या प्रश्नाला नुसतं "हो" म्हणू नका. एकाच वयाच्या दोन मुलांच्या छातीत दोन इंचांचा फरक सहज असतो. टॅगवर वयाबरोबर तयार कपड्याची छाती आणि उंची इंचांत लिहा. भेट देणाऱ्या आत्याला बाळाचं माप माहीत नसतं, म्हणून तिला वजन विचारा आणि शंका असेल तर एक माप मोठं द्या.

"डोक्यातून जात नाही" ही तक्रार वारंवार येत असेल, तर दोष गळ्यात आहे. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं. वर्षाच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ४६ सेंटीमीटर, म्हणजे १८ इंच भरतो, आणि साधं सुती कापड होजिअरीसारखं ताणलं जात नाही. गळ्याची उघडी गोलाई त्याहून मोठी हवी. ती दिसायला वाईट वाटत असेल तर खांद्यावर टिचबटणं द्या किंवा पुढून उघडणारं झबलं करा.

वाढत्या अंगाचं शिवताना आणखी एक घोटाळा होतो. सगळीकडूनच सैल बेतलं जातं, मग खांदा दंडावर उतरतो आणि गळा पसरतो. खांदा व गळा आजच्या मापाचाच ठेवा. वाढ ठेवायची ती उंचीत, खालच्या दुमडीत आणि बाजूच्या दाबात, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेल्या कापडात.

कापड न धुता बेतणं

पहिल्या धुण्यात सुती कापड ३ ते ५ टक्के आटणं अगदी सामान्य आहे. वीस इंचांच्या फ्रॉकला ५ टक्के म्हणजे पूर्ण एक इंच. ताका आणला की भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लावा. अस्तरही धुवा, नाहीतर वरचं कापड आटतं आणि अस्तर खाली लोंबतं.

रंगाची परीक्षा त्याच वेळी करा. कापडाची पट्टी पांढऱ्या सुती तुकड्याबरोबर कोमट साबणपाण्यात अर्धा तास ठेवा. बोरन्हाणाची काळी झबली आणि गडद लाल खण यांच्या बाबतीत हे टाळूच नका. मिठाच्या पाण्याने आजचे रंग पक्के होत नाहीत. पट्टीने रंग सोडला तर तो ताका लहान मुलांसाठी वापरू नका.

आणि कटपीसवर, म्हणजे सुट्या उरलेल्या तुकड्यांवर, धंदा उभारू नका. मोठ्या बहिणीचा फ्रॉक पाहून धाकटीसाठी तसाच मागितला की ते कापड पुन्हा मिळत नाही. नेहमीच्या दोन-तीन वस्तूंसाठी साधं कापड ताक्याने घ्या. छापील तुकडे थोड्या नगांपुरते ठेवा.

सुरक्षेत आणि कायद्यात तडजोड नको

तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, आरसे, सैल लटकन नकोच. बटण दोऱ्याने घट्ट बसवून ओढून पाहा. गळ्याशी नाड्या ठेवू नका. टोपड्याचे बंद आखूड ठेवा आणि बाळाला ते घालून झोपवू नका, असं घेणारीला सांगा. मिकी माऊस किंवा छोटा भीम परवानगीशिवाय छापून विकणं हा स्वामित्व हक्काचा भंग आहे. बाजारात सगळे विकतात म्हणून ते कायदेशीर होत नाही.

काम वाटून देताना नमुना न देणं

शेजारच्या काकू उत्तम शिवतात म्हणून कापड देऊन टाकलं आणि दहाही फ्रॉक वेगवेगळे आले, हे नेहमी घडतं. त्यांचा दोष नसतो. जाड कागदाचा साचा, पूर्ण शिवलेला एक नमुना, दाब किती आणि कडा कुठे इंटरलॉक करायच्या हे लिहिलेली चिठ्ठी सोबत द्या. आधी दोनच नग शिवून घ्या. नगाचा दर तोंडी ठेवू नका, आणि पैसे माल विकला गेल्यावर नव्हे तर माल हातात आल्यावर द्या.

संक्रांतीचं काम जानेवारीत घेतलं तर धावपळ अटळ आहे. बोरन्हाणाच्या ऑर्डरी डिसेंबरच्या मध्याला बंद करा. नाव भरायचं असेल तर निम्मे पैसे आगाऊ घ्या, कारण ते झबलं दुसऱ्या कुणाला विकता येत नाही.

कागदपत्रं

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटांकडे जाऊ नका. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परराज्यात विक्री सुरू केली की ही सूट लागू राहत नाही. पणजीला पाठवलेला एक फ्रॉकही परराज्यातली विक्रीच ठरतो. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सवलत आहे, मात्र साधा शिवलेला फ्रॉक तीत बसतो असं गृहीत धरू नका. कुरिअरची पहिली पावती फाडण्याआधी सीएला विचारून घ्या.